चोथ्यालाही मालक असतो

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' नावाचा एक प्रकार असायचा. नारळाच्या करवंटीचं कासव, आइसक्रीमच्या काड्यांचं घर, असलं काहीतरी तुम्हीही केलं असेल. हल्ली याची उलटी गंमत सुरू झाली आहे. उसाचा चोथा, भाताचा पेंढा, कापसाची पऱ्हाटी घ्यायची, त्याच्या ताटल्या आणि डबे करायचे, आणि ते टिकत नाहीत हीच त्यांची जाहिरात. टाकाऊतून पुन्हा टाकाऊ. ऑनलाइन मागवलेली बिर्याणी ज्या फिकट तपकिरी, जाडसर डब्यात येते, तो बहुतेक याच घराण्यातला असतो.

या डब्याचा इतिहास वाचायला घेतला आणि माझं घोडं पहिल्याच शब्दापाशी अडलं. शेतातला कचरा, कारखान्यातला कचरा, असं सगळे लिहितात. पण कचरा म्हणजे कुणी टाकलेलं? आणि टाकलेलं खरंच तिथेच पडून होतं का?

हा प्रश्न मला धावड्यामुळे पडतो. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं हे गाव. थोडं पुढे गेलं की बुलढाणा जिल्ह्याची हद्द लागते. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. माझी एक मावशी इथे दिलेली आहे, त्यामुळे सुट्ट्यांमधला बराच काळ मी या बाजूला काढला आहे. कापूस, मका, सोयाबीन, मिरची ही इकडची पिकं. आता यातलं 'टाकाऊ' शोधून दाखवा. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटतात, ती चुलीत जाते. मक्याची कणसं मोडून घेतली की ताटं जनावरांपुढे जातात, आणि दाणे काढलेली कणसं पुन्हा चुलीखाली. तुराट्यांचा कूड होतो. सोयाबीनचं भुसकट गुरं खातात. सरकीचं तेल निघतं आणि पेंड म्हशीला. उरलंसुरलं उकिरड्यावर, आणि उकिरडा पावसाळ्याआधी शेतात. धावडा हे एका झाडाचंही नाव आहे. त्याच्या खोडातून पाझरणारा डिंक लाडवात घालतात आणि जगाच्या बाजारात तो 'घट्टी' नावाने विकला जातो. म्हणजे झाडाची जखमसुद्धा इथे वाया जात नाही.

तर कचरा हा शब्द लिहिणारा माणूस सहसा चुलीपासून लांब बसलेला असतो. एवढं ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आपल्याकडे अन्नासाठी वापरून टाकायची वस्तू म्हणजे पत्रावळ. पळसाची पानं, बांबूच्या चोया किंवा बारीक काड्या, आणि टाके घालणारी बोटं, एवढंच भांडवल. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण निराशेने वापरतात, पण पत्रावळ लावणाऱ्याला तीन पानं म्हणजे अर्ध्या कामाची तयारी. बऱ्याच गावांत हे काम गुरवाकडे असे. देवाला बेल वाहायचा, गावजेवणाला पत्रावळी द्यायच्या, आणि सुगीला खळ्यावरून बलुतं घ्यायचं. म्हणजे ताटाचे पैसे ताटागणिक नसत, ते धान्याच्या वाट्यात असत. पॅकेजिंगचा खर्च पिकातून वळता होत होता म्हणा ना.

पत्रावळीबद्दल लिहिताना हळवं होण्याची फार सवय आहे आपल्याला. पंगत, मीठ-लिंबाची जागा, द्रोणातली आमटी. मलाही ती आवडते. पण एकदाच वापरून टाकायचं ताट या समाजात इतकं रुजलं, त्यामागे निसर्गप्रेम नव्हतं. उष्टं आणि सोवळं हे मोठं कारण होतं. दुसऱ्या जातीच्या माणसाने जेवलेलं भांडं पुन्हा वापरायला नको, घासायला नको, म्हणून पान सोयीचं. पान फेकलं की प्रश्न संपला. म्हणजे फेकणाऱ्याचा संपला. उष्ट्या पत्रावळी कुणीतरी उचलत होतं, आणि त्यातलं अन्न कुणाच्या तरी वाट्याला येत होतं. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली, तिची आठवण आपण चवदार तळ्यासाठी ठेवतो. त्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी लोकांना मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे, शिळे तुकडे खाणं सोडायला सांगितलं होतं. पत्रावळीच्या इतिहासात हे पान नसेल तर तो इतिहास अर्धा आहे. वस्तू आपोआप कुजते म्हणून तिच्याभोवतीचा व्यवहार स्वच्छ ठरत नाही.

आता थोडं आडवळण घेतो, पण ते भोकरदनवरूनच जातं. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव येतं. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. इथे हस्तिदंताची एक कोरीव स्त्रीमूर्ती मिळाली आहे, आणि इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडलेल्या प्रसिद्ध मूर्तीशी तिचं फार जवळचं नातं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हस्तिदंत ही इतकी दूर जाणारी चीज होती. एकोणिसाव्या शतकात बिलियर्डच्या चेंडूंसाठी तो महाग पडू लागला, आणि अमेरिकेत जॉन वेस्ली हायट नावाच्या माणसाने १८७० च्या सुमाराला पर्याय काढला. वनस्पतीतलं सेल्युलोज, म्हणजे कापसाच्या बोंडात जवळपास निव्वळ असतं तेच, नायट्रिक आम्लाने बदलून त्यात कापूर मिसळला. त्याला सेल्युलॉइड म्हणतात. व्यापारात चाललेल्या सुरुवातीच्या प्लास्टिकांतलं हे एक, आणि त्याचा जन्म झाडापासून झालेला. खनिज तेल नंतर आलं.

खाण्याच्या वेष्टनातही तसंच. जाक ब्रांडनबर्गर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने लाकडाच्या लगद्यापासून पारदर्शक कागद केला आणि १९१२ च्या सुमाराला त्याचं पेटंट घेतलं. तो सेलोफेन. बिस्किटं, गोळ्या, मिठाई बांधायला जगभर वापरला गेला. मातीत कुजणारा होता. पुढे तेलापासून केलेल्या स्वस्त फिल्मने त्याची बहुतेक जागा घेतली. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'वनस्पतीपासून पॅकेजिंग' ही बातमी दर वेळी नवा शोध म्हणून येते. ते आधीही होतं, आणि भावात हरलं होतं. आपल्या सरकारने १९८७ मध्ये तागाच्या पोत्यांची सक्ती करणारा कायदा केला तो याच भीतीने. धान्य आणि साखर प्लास्टिकच्या पोत्यांत गेली तर तागाचे कारखाने आणि शेतकरी बसतील, हे तेव्हा स्पष्ट दिसत होतं. पत्रावळ लावणाऱ्यांसाठी असा कायदा कुणी केला नाही.

मग थर्माकोल आला. हे मुळात एका कंपनीचं व्यापारी नाव, पण आपण त्याचा पदार्थच करून टाकला, जसं वनस्पती तुपाला डालडा. पांढरीशुभ्र, हलकी, कप्प्याकप्प्यांची ताटली. तिच्या जोडीला चंदेरी मुलामा दिलेल्या कागदाचे द्रोण. लग्नाच्या मांडवामागे त्यांचा ढीग साठायचा आणि वाऱ्याने शेजारच्या रानात पसरायचा. गुरं ते खायची. पळसाचं पान खाल्लं तर बिघडत नसे, याने बिघडायचं.

धावड्याच्या बाजूला थर्माकोलपेक्षा मला चंदेरी द्रोणांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण त्यात बायकांचे पैसे होते. बचत गटांची लाट आली तेव्हा 'द्रोण-पत्रावळी मशीन' हा गावोगावचा ठरलेला धंदा झाला. कर्ज काढायचं, मशीन आणायचं, शहरातून मुलामा दिलेल्या कागदाचे गठ्ठे मागवायचे, साच्यात दाबायचे. मावशीच्या गटानेही घेतलं. लग्नसराईत ते दिवसभर चालायचं. काम सोपं होतं आणि घराबाहेर जावं लागत नव्हतं. पळसाच्या पानांसाठी रानोमाळ हिंडणं आणि हे, यात त्यांनी काय निवडलं असतं?

२३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तुरुंगाचीही तरतूद. थर्माकोलच्या ताटल्या गेल्या, निदान कागदावर तरी. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्राने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या, वाट्या, पेलेही बंद केले. म्हणजे चंदेरी द्रोण. वर्षअखेरीस सवलत मिळाली ती कंपोस्ट होणाऱ्या वस्तूंना, तीही केंद्रीय यंत्रणांचं प्रमाणपत्र असेल तर. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. कागदाला चिकटलेलं प्लास्टिक धड कुजत नाही आणि धड वितळवताही येत नाही. पण प्रमाणपत्र मिळवणं हे कारखान्याचं काम आहे, ओसरीतल्या मशीनचं नाही. बंदीने रिकामी केलेली जागा कुणाच्या हातात गेली, ते इथेच ठरलं.

ती गेली मुख्यतः उसाच्या चिपाडाकडे.

या ताटल्यांची कृती सांगतो, कारण ती सुंदर आहे. चिपाडातला मऊ गर आधी वेगळा काढतात, तो कामाचा नसतो. उरलेले धागे शिजवून लगदा करतात, तो भरपूर पाण्यात कालवतात. त्या पाण्यात जाळीचा साचा बुडवून पलीकडून हवा खेचली की पाणी निघून जातं आणि जाळीवर धाग्यांचा पातळ थर बसतो. तो गरम साच्यात दाबला की ताटली तयार. गोंद लागत नाही, धागे वाळताना आपसांतच घट्ट धरतात. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. मार्टिन कीझ नावाच्या अमेरिकी माणसाने कारखान्यातल्या कामगारांना लाकडाच्या पातळ सालपटांवर डबा खाताना पाहिलं आणि लगद्याच्या ताटलीची कल्पना काढली, असं सांगतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची यंत्रं चालू झाली. लाकडाचं सालपट आणि पळसाचं पान, कामगार दोन्हीकडे जे हाताशी आहे त्यावरच जेवत होता. (आमच्याकडे याहून सोपी युक्ती आहे. भाकरीवर ठेचा घ्यायचा आणि शेवटी ताटलीच खाऊन टाकायची.)

तर चिपाड. एक टन ऊस गाळला की साधारण २५० ते ३०० किलो चिपाड निघतं, त्यात निम्मं पाणी. कारखान्याच्या मागे डोंगर साठतो. बाहेरच्याला वाटतं, केवढा हा कचरा. पण साखर कारखान्याचा बॉयलर याच चिपाडावर पेटतो. त्याच वाफेवर चरक फिरतात, रस आटतो, आणि आता वीजही विकली जाते. चिपाड काढून घेतलं तर कारखान्याला दुसरं इंधन लागेल.

याचा धडा कागदवाल्यांना आधीच मिळाला होता. तमिळनाडू सरकारने १९७९ मध्ये चिपाडापासून कागद करणारी कंपनी काढली, करूरजवळ तिची गिरणी उभी राहिली. चिपाड मिळवायला तिने साखर कारखान्यांशी अदलाबदल केली: तुम्ही चिपाड द्या, आम्ही तुमच्या बॉयलरसाठी कोळसा किंवा वाफ देतो. झाडं वाचली, पण कोळसा जळला. 'फुकटच्या कचऱ्यापासून' या वाक्यातला फुकट शब्द तिथेच गळून पडतो. ताटलीच्या डब्यावर हिरवं पान छापलेलं असतं, तेव्हा त्या चिपाडाच्या जागी बॉयलरमध्ये काय गेलं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आणि आणखी एक प्रश्न: चिपाड कुणाचं? कारखान्याचं की ऊस पिकवणाऱ्याचं? महाराष्ट्रात हा वाद नुसता तात्त्विक नाही. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, त्यामागे शेतकरीच मालक ही कल्पना होती. पुढे दरासाठी किती आंदोलनं झाली ते तुम्हाला माहीत आहे. २०१२ मध्ये रंगराजन समितीने सुचवलं की साखर आणि चिपाड, मळी यांसारखे उपपदार्थ धरून जे उत्पन्न होईल त्याचा ७० टक्के वाटा उसाच्या किमतीपोटी शेतकऱ्याला जावा. नुसती साखर धरली तर ७५ टक्के. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊस दराचा स्वतंत्र कायदा केला. अंमलबजावणीवर भांडणं आहेत, राहतील. पण चोथ्याची किंमत शेतकऱ्याच्या हिशेबात धरायची, हे निदान मान्य झालं. हे मान्य होण्यामागे संघटना होत्या, रास्ता रोको होते.

कापसाला असलं काही नाही. धावड्याला उसापेक्षा पऱ्हाटीच जवळची, म्हणून हे बोलणं आलं. पऱ्हाटी हेक्टरी दोन ते तीन टन निघते. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था आहे. तिने पऱ्हाटीचा भुगा दाबून फळ्या करण्याचं काम बऱ्याच वर्षांपूर्वी केलं, तिच्या नागपूरच्या केंद्रात ते चालवूनही दाखवलं. पऱ्हाटीच्या लगद्यापासून कागद आणि खोकी होऊ शकतात, यात शंका उरलेली नाही. अडचण प्रयोगशाळेत नसून रस्त्यावर आहे. पऱ्हाटी वजनाने हलकी आणि आकाराने दांडगी, ट्रॅक्टरची ट्रॉली भरते पण काट्यावर वजन दिसत नाही. गोळा करायला माणसं लागतात, आणि हे सगळं दोन-तीन महिन्यांत उरकायचं. त्यात २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर कृषी खातं दर हंगामाला सांगतं की पऱ्हाटी शेतात ठेवू नका, अळी त्यात दबा धरते. शेतकऱ्याला रान मोकळं हवं असतं. त्यामुळे भुगा करून कांड्या पाडणारे, म्हणजे बॉयलरसाठी ब्रिकेट करणारे, आले की तो फारशी घासाघीस करत नाही. काढून नेतात हेच पुष्कळ.

नुकसान होतं ते ज्याच्याकडे शेतच नाही त्याचं. दुसऱ्याच्या रानातून पऱ्हाटीच्या मोळ्या आणणं हा भूमिहीन घरातल्या बायकांचा न लिहिलेला हक्क होता. मे २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचा गॅस आला खरा, पण सिलिंडर भरायचे पैसे दर वेळी असतातच असं नाही. अंघोळीचं पाणी आणि लांबणारा स्वयंपाक अजून चुलीवर. पऱ्हाटी बाजारात गेली की शेतमालकाला थोडं मिळेल, कारखान्याला माल मिळेल, शहरातल्या माणसाला कुजणारा डबा मिळेल. मोळी कुणाच्या हिशेबात धरलेली आहे? पत्रावळीतही हेच झालं होतं. पान उचलणारा माणूस हिशेबात नव्हता.

'नैसर्गिक' या शब्दाचीही एक खोड सांगायला हवी. चिपाडाच्या ताटलीत तेल झिरपू नये म्हणून जगात बऱ्याच ठिकाणी पीएफएएस नावाची रसायनं मिसळली जात. ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केलं की खाद्यवेष्टनाला तेलरोधक म्हणून वापरली जाणारी ही रसायनं तिथे आता विकली जात नाहीत. म्हणजे तोवर कुजणाऱ्या ताटलीतून न कुजणारं काहीतरी मातीत जात होतं. मे २०२५ मध्ये त्याच प्रशासनाने सुपारीच्या झाडाच्या गळलेल्या विऱ्यांपासून केलेल्या ताटल्यांबद्दल इशारा दिला, कारण सुपारीतली अल्कलॉइड्स अन्नात उतरू शकतात. आपल्याकडे कोकणात आणि कर्नाटकात याच ताटल्यांवर कितीतरी छोटे उद्योग उभे आहेत. त्यात काही मिसळलेलं नसतं, निव्वळ विरी दाबलेली असते, तरी हे. आणि दुकानात पारदर्शक 'कंपोस्टेबल' पेला मिळतो तो बहुतेक पीएलएचा, मक्याच्या किंवा तशाच कशाच्या तरी पिठूळ साखरेपासून केलेला. त्याची भारतीय मानकातली कुजण्याची परीक्षा ५८ अंशांच्या आसपास होते. गटारात पडलेल्या पेल्याला ती ऊब मिळत नाही. गावच्या मोठ्या उकिरड्याच्या पोटात कदाचित मिळेल. तो फोडताना वाफ निघते, पाहिलं असेल.

वर्तमानपत्रात बांधलेल्या वडापावबद्दल मी काही बोलणार नाही. ते शाईमुळे केव्हाच नियमबाह्य झालं आहे आणि सगळीकडे चालू आहे.

यातून धावड्याने काय मागावं, याबद्दल माझं मत साधं आहे. कधी या भागात पऱ्हाटीचा लगदा करणारा कारखाना आला, तर पहिल्या दिवशीच टनामागे दर ठरावा, आणि त्यात गोळा करणाऱ्या बायकांची मजुरी वेगळी लिहिलेली असावी. पाण्याचाही करार व्हावा, कारण लगद्याला पाणी फार लागतं आणि इथे उन्हाळ्यात टँकर येतात. उसाला जे भांडून साठ-पासष्ट वर्षांनी मिळालं, त्यासाठी कापसाने पुन्हा तेवढंच थांबायचं कारण नाही.

मावशीच्या गटाचं मशीन अजून आहे. साधा कागद लावून पाहिला, पण वरण गळतं. मग कुणीतरी सुचवलं की खाली कागद आणि वर पळसाचं पान ठेवून दाबायचं. तसं होतं, द्रोण उभा राहतो. फक्त पळसाचं वेळापत्रक आड येतं. फाल्गुनात तो फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं, नवी पानं येऊन मोठी व्हायला वेळ लागतो, आणि लग्नं तर तोवर सुरू झालेली असतात. जुन्या बायका पानं आधीच लावून, वाळवून, दाबून ठेवायच्या आणि पंगतीच्या आधी पाणी शिंपडून नरम करायच्या. यंदा दिवाळीनंतर बांधावरची पानं खुडून ठेवायची असं गटात ठरलं आहे. खुडायला कोण जाणार आणि शेकड्याला किती द्यायचे, यावर मागच्या बैठकीत दोन तास वाद झाला.